कागदाचे माप

मापाचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याचे मन सोने, कापड आणि जमीन यांपलीकडे सहसा जात नाही. कागदालाही माप असते, आणि त्या मापाशी एखाद्या कुटुंबाच्या आठवणींचा संबंध पोचतो, हे आम्हांस लोणावळ्याच्या एका पावसाळ्याने शिकविले.

आमच्या आजोबांनी उतारवयात मावळच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. वडगावच्या 1779 च्या तहाविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी, कार्ले-भाज्यांच्या वाटा, भातलावणीचे दिवस, असे पुष्कळ काही त्यांत होते. लेखन फुलस्कॅप कागदावर, आणि कागद वाया जाऊ नये म्हणून अगदी तळापर्यंत. भावंडांस एकेक प्रत मिळावी यासाठी पाने छायाप्रतींच्या एका दुकानी दिली. यंत्रात कागद ए4 मापाचा होता. फुलस्कॅपची लांबी साडेतेरा इंच, म्हणजे सुमारे 343 मिलिमीटर. ए4 ची 297. दुकानदाराने आकार कमी न करताच प्रती काढल्या, आणि प्रत्येक पानाच्या तळच्या पाचेक ओळी गेल्या. ही उणीव ध्यानी येण्यापूर्वीच आषाढातील ओल आणि वाळवी यांनी मूळ गठ्ठा नाहीसा केला. आत्याबाईंना त्यांतील थोड्या ओळी तोंडपाठ आहेत. बाकीच्या कायमच्या गेल्या.

प्रथम आमचा राग या ए4 वरच होता. पण त्याची कुळकथा पाहिली तेव्हा तो ओसरला. लांबी-रुंदीचे प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतके ठेवले, तर कागद मधोमध दुमडूनही त्याचे प्रमाण तेच राहते, हे जर्मन विद्वान लिश्टेनबर्ग यांनी 1786 साली एका पत्रात नमूद केले. 1922 मध्ये पोर्स्टमान यांच्या योजनेवरून जर्मनीने ते प्रमाण ठरविले आणि 1975 मध्ये ते आंतरराष्ट्रीय झाले. ए0 चे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. चार वेळा निमपट केले की ए4 मिळतो. म्हणून चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या कागदाचा ए4 ताव बरोबर 5 ग्रॅम भरतो, आणि तीन पानी पत्र हलक्या पाकिटासह टपालाच्या 20 ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसते. पाकिटेही याच कुळातील: ए4 एकदा दुमडला की सी5 मध्ये, दोनदा दुमडला की सी6 मध्ये, आणि त्याच्या तीन घड्या केल्या की डीएल या लांबट पाकिटात जातो. न पाहिलेल्या गावी कोणी पाकीट करावे आणि आमचे पत्र त्यात बिनबोभाट बसावे, यात एक प्रकारचे सौजन्य आहे.

दोष मापाचा नव्हे. आजोबांचा फुलस्कॅपही परक्यांचाच होता, आणि त्यापूर्वी पोथीने ताडपत्राचा आडवा आकार कागदावर आणला होता. प्रत्येक पिढी आपल्या मापाच्या कागदावर लिहिते. धोका असतो तो एका मापातून दुसऱ्यात जाताना. तेथे कोणी पट्टी घेऊन उभे राहिले नाही, तर आधी तळच्या ओळी जातात, आणि सही व आशीर्वाद बहुधा तळाशीच असतात.

ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत त्यांनी ती पावसाळ्यापूर्वी सोडावीत, पाने मोजावीत, आणि फुलस्कॅपची प्रत ए4 वर काढताना आकार शेकडा 86 ठेवण्यास सांगावे. बाजूंस थोडी कोरी जागा राहील. ती राहू द्यावी.