विंच कशावर चालते?

विंच अल्टरनेटरवर चालते असा बऱ्याच जणांचा समज असतो. इंजिन चालू आहे, वीज तयार होते आहे, तीच विंचला मिळत असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब मांडला की हा समज टिकत नाही. जीपच्या पुढच्या बंपरवर बसवतात ती विंच म्हणजे एक ड्रम, त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर आणि तो ओढणारी १२ व्होल्टची मोटर. ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढ देणारी विंच पूर्ण ताकदीने ओढायला लागली की ४०० अँपिअरच्या आसपास करंट घेते. घरातले दोन मोठे गिझर एकदम चालू केल्यासारखं आहे हे. जुन्या जीपचा अल्टरनेटर देतो ६०-६५ अँपिअर, तेही इंजिन रेझ केल्यावर. बाकीचं सगळं बॅटरी देते. बॅटरी खर्च करते आणि अल्टरनेटर नंतर सावकाश ते भरून काढतो.

मी या हिशेबात पडलो ते माझ्या मामांमुळे. मामा वेल्हे भागात राहतात, केळदच्या अलीकडे. भातशेती, चार म्हशी आणि एक जुनी महिंद्रा एमएम ५४०, प्युजोचं डिझेल इंजिन असलेली. पावसाळ्यात त्या भागात रस्ता आणि ओढा यांत फारसा फरक राहत नाही. दुधाचा पिकअप, शिक्षकांची गाडी, मढे घाट बघायला आलेल्या पुणेकरांच्या चकाचक एसयूव्ही, सगळं कुठे ना कुठे रुततं आणि मग मामांना फोन येतो. पूर्वी ते दोरखंड बांधून ओढायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सेकंडहँड विंच घेतली, आणि फोन वाढले.

त्याच वर्षी जुलैत रात्री दुधाचा पिकअप रस्ता सोडून उतारावर घसरला. मामांनी विंच लावली. चार वेळा ओढलं, दर वेळी पाचेक मिनिटं. चौथ्या वेळी दोराचा वेग मंदावत मंदावत थांबला. पिकअप अर्ध्या उतारावर. ड्रमचा ब्रेक आणि चाकांखाली सरकवलेले दगड, एवढ्यावर तो उभा. त्या गडबडीत जीपचं इंजिन बंद पडलं, आणि सेल्फ मारला तर नुसतं ‘टक’. बॅटरी बसली होती. मोबाइलला रेंज नाही. पिकअपचा ड्रायव्हर आणि मामा पहाटेपर्यंत पावसात दगड बदलत बसले. सकाळी ट्रॅक्टर आला तेव्हा दूध नासलं होतं. माणसं शाबूत होती, ही जमेची बाजू.

मामांनी यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता: अल्टरनेटर लहान पडतोय, मोठा टाकायचा. त्यांनी यूट्यूबवर ऑफरोड स्पर्धांचे व्हिडिओ पाहिले होते. २०१४ साली गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची पहिली भारतीय फेरी झाली, तेव्हापासून आपल्याकडेही या गाड्यांचं वेड चांगलंच पसरलं आहे. त्या गाड्यांना मोठे अल्टरनेटर असतात, दोन-दोन बॅटऱ्या असतात. मामांनी १२० अँपिअरच्या अल्टरनेटरची चौकशी करून ठेवली, २५ हजार बाजूला काढले आणि मला फोन केला, “तू इलेक्ट्रिकलचा ना? मग सांग कुठला घेऊ.”

मी इलेक्ट्रिकलचा आहे हे खरं. पण चार वर्षं मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर शिकून मी गेली सहा वर्षं हिंजवडीत जावा लिहितो. या काळात हाताने केलेलं सगळ्यात मोठं विद्युतकाम म्हणजे भाड्याच्या घरातला पंख्याचा रेग्युलेटर. तरी एक सवय नोकरीने लावली आहे. सिस्टिम हळू चालली की कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतंच, “सर्व्हर मोठा घेऊ.” तेव्हा आधी विचारायचं असतं, वेळ नक्की कुठे जातोय ते मोजलंय का?

मी डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेतला आणि आम्ही जीप नसरापूरला मामांच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याच्या शेडमागे चिखल भरपूर होता. एका भरलेल्या टेम्पोला दोर लावून ओढायला सुरुवात केली. मीटर २६० अँपिअर दाखवत होता. बॅटरीच्या टर्मिनलवर ११.२ व्होल्ट. विंचच्या मोटरपाशी ९.१. मधले २.१ व्होल्ट वाटेत गळत होते. २६० गुणिले २.१ म्हणजे साडेपाचशे वॅट, जवळजवळ छोट्या इस्त्रीइतकी उष्णता, आणि तिचा ओढण्यासाठी काडीचा उपयोग नाही. इलेक्ट्रिशियनने आकडे ऐकायच्या आधीच केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग त्याने अर्थिंगचा बोल्ट दाखवला. चासीवर, गंजावरच कसलेला. केबलही जेमतेम १६ चौरस मिलिमीटरची होती.

व्होल्टेज कमी मिळालं की ही मोटर हळू फिरते. ओढ तेवढीच द्यायची असेल तर करंट जवळपास तेवढाच लागतो, फक्त काम संपायला जास्त वेळ लागतो. म्हणजे बॅटरी जास्त वेळ रिकामी होत राहते. गळती अशी दुहेरी महाग पडते.

आता त्या जुलैच्या रात्रीचा हिशेब बघू. चार वेळा पाच मिनिटं, म्हणजे २० मिनिटं. सरासरी २५० अँपिअर धरले तर ८३ अँपिअर-तास. मामांची बॅटरी ८० अँपिअर-तासांची. पण हा ८० चा आकडा सावकाश, २० तासांत वापरली तरचा. पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९७ साली मांडलेला नियम सांगतो की लेड-अ‍ॅसिड बॅटरी जितक्या जोरात उपसाल तितकी ती कमी देते. इतक्या करंटला निम्मी मिळाली तरी नशीब. जुन्या अल्टरनेटरने त्या २० मिनिटांत ५० अँपिअरने भरले असतील १७ अँपिअर-तास. १२० चा अल्टरनेटर असता आणि त्याने गरम इंजिनवर खरोखर ९० दिले असते, तर ३०. तरीही बॅटरी बसलीच असती, थोडी उशिरा.

शिवाय मोठा अल्टरनेटर फुकट फिरत नाही. १२० अँपिअर द्यायला तो इंजिनकडून साधारण चार हॉर्सपॉवर घेणार, आणि ते सगळे एका जुन्या पट्ट्यावरून जाणार. पट्टा ओला झाला की घसरणार. रेझ न करता इंजिन नुसतं चालू ठेवलं तर मोठा अल्टरनेटरही त्याच्या पाटीवरच्या आकड्याच्या बराच खाली राहतो.

खरा वाद झाला तो दुसऱ्या बॅटरीवरून. बॅटरी दुसरी हवी यावर सगळ्यांचं एकमत होतं. माझं म्हणणं, दोन्ही एकसारख्या घेऊन पॅरलल जोडू. करंट वाटला जाईल, प्रत्येक बॅटरीवर ताण निम्मा, म्हणजे दोघींकडून मिळेलही जास्त. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एक बॅटरी फक्त सेल्फसाठी. विंचने तिला हात लावायचा नाही.”

“मामा, पण त्याने विंचची ताकद कमी...”

“कमी होऊ दे. गाडी नाही निघाली तर सकाळी निघंल. पण माझी जीप बंद पडली तर रात्री दोन वाजता जंप द्यायला कोण येणार हाय?”

कागदावर माझी जोडणी जास्त काम देते, हे मी आजही म्हणेन. पण ती जोडणी सगळी वीज ओढण्यात घालते, आणि मामांना घरी परतण्यापुरती वीज वेगळी बांधून हवी होती. त्या उतारावर रात्र मी काढली नव्हती, त्यांनी काढली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झालं.

शेवटी बसवलं ते असं: विंचसाठी ट्रॅक्टरला लागते तशी १०० अँपिअर-तासांची स्वतंत्र बॅटरी, सेल्फसाठी जुन्या जागी नवी. दोन्हींच्या मध्ये रिले आणि डॅशबोर्डवर त्याचा स्विच. ओढताना रिले उघडा, थांबल्यावर बंद करून अल्टरनेटरने भरायचं. वेल्डिंगची ५० चौरस मिलिमीटरची केबल, अर्थिंगसाठीही तीच, थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. अल्टरनेटरही बदलला, पण ९० चा, आहे त्या ब्रॅकेटवर बसणारा. आणि एक पुली. पुलीतून दोर दुहेरी केला की दोरावरचा ताण निम्मा होतो. त्याच टेम्पोला, त्याच चिखलात मीटरने १६५ अँपिअर दाखवले. गाडी हळू येते, पण येते. केबल बदलल्यावरची गळती २६० अँपिअरला ०.६ व्होल्ट.

या सगळ्यात विश्रांतीला महत्त्व आलं. अल्टरनेटर उपयोगी पडतो तो दोन ओढींच्या मधल्या वेळात. एक मिनिटाची ओढ १६५ ने म्हणजे पावणेतीन अँपिअर-तास, ते ६० ने भरायला पावणेतीन मिनिटं, आणि पूर्ण भरणं तर त्याहून जास्त. मामा एक मिनिट ओढतात आणि मग इंजिन रेझ ठेवून तंबाखू मळतात. रुतलेल्या गाडीचा मालक भिजत उभा असतो, “ओढा की काका!” म्हणून ओरडतो. मामा चुना लावतात.

दर मे महिन्यात मी मीटर घेऊन जातो. त्याच टेम्पोइतकं वजन लावतो, गळती मोजतो आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने वर्ष आणि आकडा लिहितो. पहिल्या वर्षी ०.६, मग ०.७. यंदा ०.९ निघाले. अर्थिंगच्या लगवर हिरवट थर चढला होता. मामांनी पॉलिशपेपरने तो घासला, ग्रीस लावलं, नट कसला आणि म्हणाले, “परत मोज.”