छत्रीचे पोट

श्रावणसरी सुरू झाल्या, की आमच्या खटकचिंचोळीच्या माळावर वारुळांच्या कडेने छत्र्या उगवतात. मराठीत अळंबी, कन्नडात अणबे. १९५६ साली बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण येथील चुलीला दोन्ही शब्द ओळखीचे आहेत. न खाण्याजोगी ती सरसकट 'कुत्र्याची छत्री'. पण ती ओळखावी कशी?

आमच्या गल्लीतील एक वृद्ध मावशी अळंबी हाती येताच प्रथम उलटी करीत. "गुर्जी, वरून समद्या सारक्याच, पोट बघावं," असे त्या म्हणत. शास्त्राचीही पहिली पायरी हीच आहे. कोणाच्या पोटाशी पापुद्रे असतात, कोणाच्या बारीक छिद्रे, तर कोणाच्या चक्क दात! लिनीयसने १७५३ साली नोंदविलेले युरोपातील 'हिडनम रिपँडम' असे दंतुर असून तिकडे आवडीने खाल्ले जाते. परंतु ते ओक-बीचसारख्या वृक्षांच्या मुळांशी सख्य करून जगते. तेथले ज्ञान आमच्या माळावर जसेच्या तसे कसे चालावे?

आमची अळंबी वाळवीची सोबतीण. वाळवी पालापाचोळा चावून वारुळात बुरशीचा मळा जोपासते. छत्रीचा देठ मुळासारखा थेट तेथवर उतरलेला असतो. रोजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या गणास 'टर्मिटोमायसेस' असे नाव दिले. मावशी देठ उपटीत नसत, खणून पाहत, त्याचे मर्म हे.

शाळेत आम्ही छत्री पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवतो. वारुळाच्या अळंबीची भुकटी गुलाबीसर पडते. गवतातल्या तशाच दिसणाऱ्या एका विषारी छत्रीची हिरवट. अर्थात गुलाबी छाप म्हणजे खाण्याचा परवाना नव्हे. चांदीचे नाणे वा लसूण काळा पडतो का, ही परीक्षा तर निव्वळ भ्रम होय. काही जहाल विषे शिजवूनही नाहीशी होत नाहीत, आणि त्यांची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसू लागतात. तोवर यकृतावर घाला पडलेला असतो.

आता मावशी नाहीत. त्यांची नातवंडे शहरांत आहेत, आणि गावची मुले मोबाइलवर छायाचित्र काढून नाव विचारतात. ते छायाचित्र बहुधा वरूनच काढलेले असते! घरात जाणती वडीलधारी माणसे असतील, तर या पावसाळ्यात मुलांना त्यांच्यासोबत माळावर धाडावे. तसे कोणी उरले नसेल, तर अळंबी पाहावी, उलटावी, वहीत तिचे चित्र काढावे. ताटात मात्र घेऊ नये.