ड्रॅक्युलाचा सातबारा

१९६९ सालचा एक अमेरिकन चित्रपट आहे, 'ब्लड ऑफ ड्रॅक्युलाज कॅसल'. दिग्दर्शक अल अ‍ॅडमसन. खिशात पैसे कमी आणि घाई फार, अशा थाटात सिनेमे काढणारा गडी. एका फोटोग्राफरला नातेवाइकाच्या मरणानंतर वारशात किल्ला मिळतो. होणाऱ्या बायकोला घेऊन तो बघायला जातो, तर तिथे आधीपासून एक उमराव जोडपं भाड्याने राहतंय. बोलायला गोड, संध्याकाळी ग्लासातून लाल काहीतरी पिणारं. ज्यांचं रक्त त्या ग्लासात येतं त्या पोरी तळघरात साखळीने बांधलेल्या. बटलरच्या कामात जॉन कॅरडीन. हा स्वतः चाळीसच्या दशकात युनिव्हर्सलच्या दोन चित्रपटांत ड्रॅक्युला होता. इथे ड्रॅक्युलाचा गडी झालाय. कॅमेरा लास्लो कोवाक्सचा. त्याच वर्षी त्याचा 'ईझी रायडर' आला आणि माणसाचं नशीब फिरलं.

भीती वाटावी म्हणून हा सिनेमा बघण्यात अर्थ नाही. मालक-भाडेकरू तंटा म्हणून बघावा. नव्या मालकाला ताबा हवा, भाडेकरूला जागा सोडायची नाही, आणि भाडेकरू कधी मरतच नाही. गिरगावात पागडीच्या खोलीत वाढलेल्याला यात नवं काही वाटणार नाही.

*

ब्रॅम स्टोकरची मूळ कादंबरी १८९७ची. तिची सुरुवात लोक विसरतात. जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियाला जातो तो वकिलाच्या कचेरीतर्फे. ड्रॅक्युलाला लंडनजवळ घर घ्यायचंय, त्याचे कागद न्यायचेत. म्हणजे सगळ्या जगाला घाबरवून सोडलेल्या गोष्टीच्या मुळाशी एक खरेदीखत आहे.

स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'मध्येही तेच. गावातला जमिनीचा दलाल टेकडीवरचं पडीक घर एका परक्या माणसाला देतो आणि बदल्यात दुसरीकडची भारी जमीन घेतो. संशय त्याला येतो, पण व्यवहार चांगला असल्यामुळे तो गप्प बसतो. हीच कादंबरी नारायण धारपांनी 'लुचाई'त मराठी मुलखात आणली. किंगच्या पुस्तकातलं सगळ्यात पटणारं पात्र मला तो दलालच वाटतो. कर्जतच्या रस्त्यावर फार्महाऊस प्लॉटचे बोर्ड वाचत गेलं, की असा माणूस दर दोन किलोमीटरवर भेटेल याची खात्री पटते.

*

किल्ल्याच्या सिनेमाला किल्ला हवा. तो आपल्याकडे आहे, आणि भाड्यानेही मिळत आला. मुंबईचे सिनेमावाले ज्याला 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणतात तो एनडी स्टुडिओ आहे खालापूर तालुक्यात, चौकजवळ. नितीन चंद्रकांत देसाई यांनी तो २००५ साली उभा केला. 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला इथे उठला. 'प्रेम रतन धन पायो'चा राजवाडा आणि शीशमहालही इथलाच. त्या चित्रपटात गादी, सावत्र भाऊ, वारसा, कट असं सगळं आहे. फक्त सुळे नाहीत.

अशा किल्ल्याची गंमत समोरून कळत नाही. बुरुजाच्या 'दगडा'वर बोटाने टकटक केली की पोकळ आवाज येतो. मागच्या बाजूला गेलं की लाकडी चौकटी, प्लायवूड, खिळे, टेकू लावलेले बांबू. इथल्या एका पावसाळ्यात पीओपीला पोपडे सुटतात आणि तीनशे वर्षांचा महाल चार महिन्यांत खरंच तीनशे वर्षांचा दिसायला लागतो. भयपटाच्या आर्ट डायरेक्टरचं निम्मं काम कोकणचा पाऊस फुकटात करतो.

*

२ ऑगस्ट २०२३ला देसाई यांचा याच स्टुडिओत मृत्यू झाला. डोक्यावर सुमारे अडीचशे कोटींचं कर्ज होतं, दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली होती. पुढे स्टुडिओ राज्य सरकारच्या चित्रनगरी महामंडळाकडे आला. या मृत्यूला भुताटकी चिकटवून रील करणाऱ्यांची मला चीड येते. ज्याने दुसऱ्यांसाठी इतके राजवाडे बांधले त्याची आठवण म्हणून त्याचे सेट बघावेत, आणि तिथे कामं पुन्हा नीट सुरू राहावीत. आसपासच्या गावांतले सुतार, रंगारी, जेवण पुरवणारे यांची पोटं त्यावर होती.

*

आपले खरे किल्ले या कामाचे नाहीत. कर्जतचा कोथळीगड घ्या. पेठ गावाच्या डोक्यावर सुळका, पोटात कोरीव खांबांची गुहा, आणि सुळक्याच्या आतून कातळ फोडून काढलेल्या पायऱ्या. बघायला अप्रतिम, पण राहायचं कुठे? पडदा नाही, झुंबर नाही, शवपेटी ठेवायला कोरडी जागा नाही. ड्रॅक्युला इथे आला तर जुलैत सर्दीने जाईल.

शिवाय असा गड कुणाला वारशात मिळत नाही. तो काका-पुतण्यांच्या वाटणीत येत नाही, हे त्याचं नशीब.

*

वारसाचा सिनेमा करायचा तर जागा माथेरान. तेही कर्जत तालुक्यातच. १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढला, त्यामागून इंग्रजांचे, पारशांचे, बोहऱ्यांचे बंगले आले. १९०७मध्ये आदमजी पीरभॉयांची छोटी गाडी आली. मोटारींना बंदी आजही आहे. रात्री पळायचं तर घोडा किंवा पाय. पटकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं! लाल माती, झाडीत बुडालेला बंगला, माकडांनी उचकटलेली कौलं, फाटकावर गंजलेली पाटी, आणि मालकांपैकी एक मुंबईत, एक लंडनला, एकाचा पत्ता नाही.

*

रामसे बंधूंनी १९९०च्या 'बंद दरवाजा'त हिंदीला खराखुरा व्हॅम्पायर दिला. वटवाघूळ होणारा, शवपेटीत झोपणारा नेवला. भूमिका अनिरुद्ध अग्रवालची. हा माणूस रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, म्हणजे पडक्या हवेलीची अवस्था त्याला सगळ्यांपेक्षा चांगली कळत असणार.

२०२५च्या दिवाळीत आलेला 'थामा' आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा. त्यात रक्त पिणारे बेताळ आहेत. म्हणजे खटपट चालू आहे.

*

पण रक्त पिणं हे आपल्या भुतांचं मुख्य काम कधी नव्हतंच. हडळ आहे, खवीस आहे, चकवा आहे, पिंपळावरचा मुंजा आहे. मला या सगळ्यांत समंध महत्त्वाचा वाटतो. हा बिनवारस मेलेला, किंवा धनात जीव अडकलेला. तो घर धरून बसतो, पुरलेलं राखतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. त्याला सुळ्यांची गरज नाही, त्याला ताबा पुरतो. 'तुंबाड'मधला वाडा आणि त्यातला हस्तर प्रेक्षकाला इतका जवळचा वाटला त्याचं कारण हेच असावं. २०१८ला चित्रपट आला तेव्हा थिएटरं भरली नव्हती. २०२४ला पुन्हा लावला तर लोकांनी गर्दी केली.

*

भाडेकरूला राक्षस करणारी गोष्ट रायगडात मात्र उलटी करावी लागेल. आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरीला, १९३३पासून शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला आणि सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटील पुढे होते. १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. मग १९४८चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन. इथे रक्त पिणारा वाड्यात होता आणि कूळ खाली शेतात. अ‍ॅडमसनचा सिनेमा चरीच्या म्हाताऱ्यांना दाखवला असता तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, भाडेकरूचं नाव लागलंय का?

*

वटवाघळांबद्दल एक ओळ. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जाती जगात तीनच, तिन्ही अमेरिका खंडांतल्या. आपल्या लेण्यांतली आणि पडक्या वाड्यांतली मोठ्या कानांची वटवाघळं बेडूक, उंदीर, किडे खातात. त्यांना घाबरून दगड मारू नयेत.

*

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. खालापुरात रात्रीच्या भीतीवर सिनेमा करणाऱ्याने ही रात्र कथेत घेऊ नये. माहीत मात्र असावी.

*

इथे सिनेमा करायचा तर पटकथेचा सांगाडा असा. नायिका ठाण्याची, नोकरी करणारी. आजोबा वारले, खालापुरात वाडा आणि चार एकर. ती तलाठ्याकडे जाते (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). उताऱ्यावर पणजोबांच्या काळातलं एक नाव अजून तसंच आहे, कुणी कमी केलेलं नाही. चौकशी करता कळतं, त्या माणसाच्या मृत्यूची नोंदच नाही. एवढ्यावर पहिला अंक संपतो, आणि अजून एक थेंब रक्त सांडलेलं नाही.

हा सिनेमा कुणी काढला तर तिकीट काढून बघेन. तोवर ज्यांच्या घरी असं एखादं नाव उताऱ्यावर अडकून बसलंय त्यांनी लक्षात ठेवावं, की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९प्रमाणे वारसाने आलेल्या जमिनीची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते.