एकच निरोप

आमचे थोरले बंधू १९९९ सालीं यकृताच्या दुखण्यानें अंथरुणास खिळले. रोग ‘हेपॅटायटिस सी’ या विषाणूचा. त्या काळीं त्यावर इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें हाच मुख्य उपाय असे. आठवड्यांतून तीन वेळां सुई, असा क्रम कित्येक महिने चालला. रक्ताच्या तपासण्या सुधारूं लागल्या. पण दादा मात्र दिवसेंदिवस मिटत चालले. ज्यांच्या गप्पांनीं घर दुमदुमे, ते भिंतीकडे तोंड करून पडूं लागले. आम्ही नुकतेच प्राध्यापक झालेलों. धैर्यावरचीं वचनें तोंडपाठ. एके दिवशीं आम्हीं त्यांस ऐकविलें, “दादा, रोग हटतो आहे. आतां तुम्हींच मन कच्चें केलेंत, तर औषधानें काय करावें?” ते कांहीं बोलले नाहींत.

परवां जीवशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनीं आम्हांस या औषधाची कुळकथा सांगितली. तें मुळांत शरीराचेंच. विषाणूनें गांठलेली पेशी शेजारणींना सावधगिरीचा जो निरोप धाडते, तो हा. लंडनमधील मिल हिल येथें १९५७ सालीं आयझॅक्स व लिंडेनमन या शास्त्रज्ञांस तो सांपडला. निरोप पेशीच्या दाराशीं पोंचतो. तेथून ‘स्टॅट’ नांवाचीं प्रथिनें तो आंत केंद्रकांत नेतात, आणि शेंकडों जनुकें जागीं होतात.

पण कोणतीं जनुकें? यकृताची पेशी काय आणि मेंदूची पेशी काय, दोघींपाशीं ग्रंथसंग्रह एकच. मात्र कोणतें कपाट उघडें व कोणतें कुलूपबंद, हें जिचें तिचें निराळें. म्हणून एकाच निरोपावर प्रत्येकजण वेगळें पुस्तक काढून वाचते. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत उंदरांना असे ८६ निरोप एकेक करून टोंचण्यांत आले, आणि लसिकाग्रंथींतील सतराहून अधिक जातींच्या पेशी तपासल्या. बहुतेक निरोपांना जातीजातीनें आपापलें उत्तर दिलें होतें.

जो निरोप यकृतांत विषाणूशीं झुंज मांडतो, तोच अन्यत्र ट्रिप्टोफॅन मोडणारें प्रथिन वाढवितो; आणि मेंदूचें सेरोटोनिन घडतें तें ट्रिप्टोफॅनपासूनच. इंटरफेरॉन घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांस खिन्नता घेरते, हें वैद्यांस तेव्हांही ठाऊक होतें. आम्हांस नव्हतें.

आतां तीं इंजेक्शनें मागें पडलीं. २०१३ नंतर आलेल्या गोळ्यांनीं बहुतेक रुग्ण कांहीं आठवड्यांत बरे होतात. दादाही औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत् झाले, आणि आमच्या त्या वाक्याचा उल्लेख त्यांनीं कधीं केला नाहीं. आम्हीं धीर म्हणून धाडलेला तो शब्द त्यांच्या अंतरीं कोणतें पान उघडून गेला असेल, हें विचारण्याचें धैर्य मात्र आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.