गुलबक्षीची वेळ

गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते. डोंबिवलीच्या हिशोबाने ही वेळ गैरसोयीचीच. तेव्हा घरातली मिळवती माणसं मुंबईच्या कचेऱ्यांत असतात. ठाणं, मुंब्रा, दिवा मागे टाकत ती लोकलमधून उतरतात तोवर आठ वाजून गेलेले असतात. पण गुलबक्षी एकदा उमलली की रात्रभर जागी असते आणि सकाळी उन्हं तापू लागली की मिटते. पावसाळी मळभ असलं तर उशिरापर्यंत रेंगाळते. रात्री परतणाऱ्याला ती भेटते, तशीच पहाटेच्या गाडीला धावणाऱ्यालाही. दिवसा घरी नसणाऱ्यांच्या गावाला याहून सोयीचं फुलझाड सापडायचं नाही.

अर्थात हा सगळा थाट आपल्यासाठी नाही. तिचा पाहुणा म्हणजे अंधार पडल्यावर येणारा लांब सोंडेचा पतंग. फुलाची नळी अरुंद, मध पार तळाशी; वास त्याला वाट दाखवायला. तो वास सौम्य, गोडसर. हवा पडलेली असली की जिन्याच्या तोंडाशी येतो. एमआयडीसीकडून वारा सुटला की हरतो. २०२० साली तिथला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला आणि राज्यभर गाजला. साड्यांच्या दुकानात मानाने मागितल्या जाणाऱ्या गुलबक्षी रंगाचा तो भलताच अवतार.

कल्याणच्या फूलबाजारात झेंडू, शेवंतीचे ढीग लागतात. गुलबक्षी तिथे दिसत नाही. संध्याकाळी तोडलेली फुलं सकाळी मलूल, त्यांना कोण भाव देणार? म्हणून ती चाळीच्या नळापाशी, भिंतीच्या कडेला फुकट वाढली आणि ज्यांच्या हाती पैसे नसतात त्या मुलींची झाली. लांब देठांसारख्या नळ्या एकमेकींत गुंफायच्या, दोरा न लावता वेणी तयार. गळू झालं की तिचं पान गरम करून बांधणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत.

मूळची ती अमेरिका खंडातली. माझ्याकडची मात्र मालवणची, आईच्या माहेरची. कागदाच्या पुडीतून बी आलं. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने गुलबक्षीवरच संकर केले. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांची संतती गुलाबी निघते, हा धडा आपल्याकडची मुलं बारावीत शिकतात. १९०९ साली त्याने आणखी एक गोष्ट दाखवली: पांढरट चट्ट्यांच्या पानांचा वारसा फक्त मातृझाडाकडून येतो, पराग कुठल्याही झाडाचा असो. ते वाचलं तेव्हा मला आईची पुडी आठवली. आमच्याकडे तरी ही फुलं त्याच वाटेने आली.

लावायला ती अगदी सोपी. फूल गळालं की हिरव्या वाटीत एकच बी धरतं. काळं, सुरकुतलेलं, थेट मिऱ्यासारखं. मिरी समजून कुणी तोंडात टाकू नये, बी आणि मूळ दोन्ही विषारी. लहान मुलं असतील तर जपावं. मेअखेर बी रात्रभर पाण्यात भिजवावं आणि बोटाच्या पेराइतकं खोल पेरावं. आठ-दहा दिवसांत जाडसर दोन दलं वर येतात आणि गणपती-नवरात्राच्या सुमारास फुलं सुरू होतात. कुंडी खोल हवी, कारण खाली कंद पोसतो. पाण्याविना उन्हाळ्यात वरचा पसारा वाळला तरी कुंडी रिकामी करू नये. पहिल्या सरींबरोबर त्याच कंदातून नवे कोंब येतात.

ठाण्यात, डोंबिवलीत जुन्या चाळी आणि बैठ्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. आवारातला आंबा, नारळ तोडायला परवानगी लागते. गुलबक्षीची मोजदाद कुठल्याच कागदावर होत नाही. नर्सरीतही तिला कोणी फारसं विचारत नाही. तेव्हा घर रिकामं करताना भांड्याकुंड्यांबरोबर चिमूटभर काळं बी पुडीत बांधून घ्या. नव्या गॅलरीत चार पेरा आणि उरलेलं शेजारच्या दारात नेऊन द्या.