नुसतं चावायला

"मॅडम, खायला नको. नुसतं चावायला काहीतरी सांगा."

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, सांगलीच्या एका काकूंचा फोन आला. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला बारा दिवस झाले होते. घरभर चकलीच्या भाजणीचा वास, सून सोऱ्या फिरवतेय आणि काकूंच्या हातात मुगाच्या कढणाची वाटी. नातवानं च्युइंगम पुढे केलं. बिनसाखरेचं, गिळायचंही नाही, मग हरकत काय?

या रुग्णांचा आहार ठरवणं हे माझं काम. सुरुवातीच्या वर्षांत मी या प्रश्नावर एका शब्दात 'नाही' म्हणायचे आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचे. ते चूक होतं. नुसत्या नकारानं माणसं लपवून चघळतात.

काकूंची स्लीव्ह झाली होती. त्यात जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढतात. उरते एक अरुंद नळी, त्यात 100 ते 150 मिलिलिटर मावतं. चघळताना लाळेबरोबर हवाही गिळली जाते. मोठ्या जठरात ती सामावून जायची. आता आतून सुजलेल्या नळीत तिला जागाच नसते, मग बरगड्यांखाली कळ येते. रुग्णाला वाटतं, टाका उसवला.

वजन कमी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत, जठराच्या बायपासमध्ये, धोका निराळा. तिथं जठराची जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करून ती आतड्याला जोडतात आणि ते जोडाचं तोंड सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं असतं. माझ्या एका तरुण रुग्णानं ऑफिसच्या मीटिंगमध्ये घाईनं च्युइंगम गिळलं. तासाभरात पाण्याचा घोटही उतरेना, तोंडातून फेसाळ लाळ येत राहिली. शेवटी एंडोस्कोपीनं तो गोळा काढावा लागला. च्युइंगम पूर्वी चिकूच्या झाडाच्या चिकापासून करत, त्याच चिकूच्या, ज्याच्या बागा आपल्याकडे डहाणू-घोलवडला आहेत. आता त्यात बहुतेक कृत्रिम रबर असतं. चीक असो वा रबर, आपल्या पाचकरसांना ते विरघळवता येत नाही. धडधाकट पोटातून गिळलेला गोळा दोन-चार दिवसांत निघून जातो. इथं वाटच बोटभर रुंदीची.

बिनसाखरेचं म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. त्यातलं सॉर्बिटॉल आतड्यात पुरतं शोषलं जात नाही, ते पाणी ओढून घेतं. 2008 मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघांनाही कित्येक महिने जुलाब होत होते, वजन झपाट्यानं उतरत होतं. कारण निघालं रोज चघळलेली पंधरा-वीस च्युइंगम. वजन उतरवायला आलेल्या माणसाला हे सांगताना मला फार जपून बोलावं लागतं. असं उतरलेलं वजन म्हणजे अंगातलं पाणी आणि ताकद गेलेली असते.

आणि तरीही याच च्युइंगमला मी शत्रू मानत नाही. 2002 मध्ये जपानी शल्यविशारदांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना दिवसातून तीनदा च्युइंगम चघळायला दिलं. त्यांचा वारा सरासरी 2.1 दिवसांत सरला, इतरांचा 3.2 दिवसांत. जबडा हलला की मेंदूला वाटतं जेवण आलं, आणि निजलेलं आतडं जागं होतं. आता किती तरी ठिकाणी सिझेरियननंतरही ते देतात. म्हणजे एका वॉर्डात औषध आणि शेजारच्या वॉर्डात मनाई. कारण सरळ आहे: पहिल्या वॉर्डात जठर शाबूत असतं.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि हळूच विचारलं, "मग चकली चावून थुंकून टाकली तर?"

या प्रश्नानं मी खरी सावध होते. चावून थुंकण्याची सवय लागली की ती फराळापुरती राहत नाही, जेवणाशी लपंडाव सुरू होतो. मी विचारलं, "काकू, पोटात भूक आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही हो. तोंडाला काम नाही."

तोंडाला काम नाही! पन्नास वर्षं चावणारं तोंड एका दिवसात रिकामं बसवलं, आणि आमच्या छापील तक्त्यात त्याच्यासाठी एक ओळही नव्हती. तोंड कोरडं पडलंय का, वास येतोय का, हेही विचारलं. चरबी जळताना श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येतो, आणि पाणी कमी पडलं की तो वाढतो. बरेच जण खरं तर त्यासाठीच च्युइंगम मागतात. त्याला उपाय म्हणजे घोटघोट पाणी, दिवसाला दीड लिटरपर्यंत, आणि जीभ घासणं. तोंडाला काम म्हणून सुपारी मात्र कधीच नाही.

च्युइंगमसाठी हल्ली मी तीन महिने थांबायला सांगते. त्यानंतरही हवंच असेल तर दिवसातून एक, दहा मिनिटं, तोंड मिटून, आणि शेवटी कागदात. बायपासवाल्यांना मात्र टाळाच म्हणते.

सहाव्या आठवड्यात काकूंना ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा ताकात भिजवून घ्यायला सांगितला. एक घास, पंचवीस वेळा चावायचा. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, विसाव्यालाच भाकरी गोड लागायला लागली," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं खाल्ली, कधी कळलंच नव्हतं."