परसातला उकिरडा

शिवरे गावात पुढच्या दाराला पुणे–सातारा महामार्गाचा गोंगाट ऐकू येतो. मागच्या दाराला, गोठ्याच्या उतरणीवर हा उकिरडा बसलेला असतो. घरात याच्याइतका जुना खाणारा दुसरा नाही, पण जेवलास का म्हणून याला कुणी विचारत नाही. शेण, गव्हाणीत उरलेली वैरण, भाज्यांची देठं, भुईमुगाची टरफलं, पालापाचोळा, जे येईल ते मुकाट्याने पदरात घेतो.

घेतो खरा, पण पचवतो आपल्या मर्जीने. नुसतं ओलं घातलं की सडतो आणि घाण वास सोडून अख्ख्या आळीला कळवतो. नुसता भाताचा पेंढा दिला तर महिनोन् महिने ढिम्म. सुक्यातला कर्ब आणि ओल्यातलं नत्र यांचं प्रमाण तिसास एकच्या आसपास आलं की मात्र काही दिवसांतच अंगात ऊब भरते. पोटात ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. थंडीत सकाळी फावडं घातलं तर वाफ निघते. ओलही त्याला मोजकी हवी. मूठभर घेऊन दाबलं की बोटांत एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये.

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात. ही म्हण करणाऱ्याने उकिरडा कधी पालटला नसावा. अधूनमधून खालचं वर, कडेचं आत केलं तर चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं खत हाती येतं.

त्याची खरी ओढाताण शेणावरून. भोर–वेल्ह्याच्या भातपट्ट्यात शेणाला वाटेकरी पुष्कळ. गोवऱ्या थापून चूल आपला वाटा घ्यायची. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, तिथेही शेण, पाला आणि गवत जळायचं. उरेल ते याच्या नशिबी. आता गॅस आला, चुलीचा वाटा सुटला, तर दावणीची जनावरंच कमी झाली. मला वाटतं, गावातले उकिरडे रोडावले ते याच हिशेबात. रासायनिक खताच्या गोणीवर सगळा दोष ढकलणं सोपं आहे, एवढंच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, या टंचाईवरच बोट ठेवलं. जमिनीच्या वर विटांचा हौद, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोकं. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. शंभरेक किलो शेणात अख्खा हौद भरतो. उकिरड्याचा हा शिकलेला पुतण्या. कामाला चोख, पण याला स्वभाव कमी.

स्वभाव आहे तो थोरल्या उकिरड्याला. त्याच्या कडेला न लावता लाल भोपळा उगवतो. पोटातल्या उष्णतेत बिया मरतात, कडेला थंडाव्यात तगतात. म्हणून तणही तिथूनच परसात शिरतं. पावसाळ्यात याला उघडा ठेवला तर याचं सत्त्व तपकिरी पाण्याबरोबर ओढ्याला जातं. जुनी ताडपत्री अंगावर घातली, भोवताली चर काढला, की याचं भागतं. प्लॅस्टिकची पुडी तेवढी याला कधीच पचली नाही. चार महिन्यांनी छापील अक्षरांसकट परत करतो.

वांगी–मिरचीच्या आळ्यात चाळलेलं खत ओंजळभर घालायचं आणि वर मातीचं पांघरूण. अर्धकच्चं घातलं तर कोवळी मुळं होरपळतात, शिवाय त्यातून हुमणी येण्याची धास्ती. त्या गुबगुबीत पांढऱ्या अळ्यांवर कोंबड्यांचा डोळा असतोच. उकिरडा पालटायला घेतला की कोंबड्या आधी हजर. अळ्या वेचतात आणि निम्मं खत अंगणभर उधळतात. मग घरातली म्हातारी केरसुणी घेऊन त्यांच्या मागे धावते. शिव्या कोंबड्यांना, उकिरड्याला नाही.